देव होण्यापूर्वीचा ‘बोगु’

पोलिश भाषेत शेतात उभ्या असलेल्या गव्हाच्या पिकाला आणि कोठारात भरलेल्या धान्यालाही ‘झ्बोझे’ म्हणतात. सीमा ओलांडून चेक प्रदेशात गेले की जवळजवळ हाच शब्द, ‘झ्बोझी’, दुकानातल्या मालासाठी वापरलेला आढळतो. जर्मनीच्या पूर्व भागात सोर्ब लोकांच्या दोन लहान स्लाव्ह भाषा आजही टिकून आहेत. त्यांपैकी वरच्या सोर्बी भाषेत ‘झ्बोझो’ म्हणजे सुदैव, आणि वाढदिवसाला एकमेकांना ‘पुष्कळ झ्बोझो’ लाभो अशा शुभेच्छा दिल्या जातात. पोलिश माणूस मृत व्यक्तीचा उल्लेख ‘न्येबोश्चिक’ असा करतो, तर युक्रेनी भाषेत ‘नेबोहा’ म्हणजे भाची किंवा पुतणी. रशियन भाषेत ‘बोगाती’ म्हणजे श्रीमंत आणि ‘उबोगी’ म्हणजे दीनवाणा, दरिद्री. धान्य, माल, सुदैव, मृत माणूस, भाची, श्रीमंत आणि दरिद्री अशी ही सारी मंडळी एकाच नामाच्या पोटी जन्मलेली आहेत, आणि ते नाम आज सर्व स्लाव्ह भाषांमध्ये ‘देव’ या अर्थाने वापरले जाते. भाषाशास्त्रज्ञ त्याचे मूळ रूप *बोगु असे मांडतात. (या लेखात स्लाव्ह शब्दांतला ‘झ’ हा ‘श’ उच्चारताना कंठातून नाद काढल्यावर जो वर्ण ऐकू येतो, तसा वाचावा, ‘झ्बोझे’सारख्या शब्दांच्या आरंभीचा ‘झ्’ मात्र ‘झरा’तल्यासारखा आहे.)

शब्दाच्या आधीची चांदणी ही शोभेची नाही. हे रूप कोणत्याही शिलालेखात किंवा हस्तलिखितात सापडलेले नसून लेकी-नातींच्या तुलनेवरून अनुमानाने उभे केलेले आहे, असे ती सांगते. एकोणिसाव्या शतकातील जर्मन अभ्यासक ऑगस्ट श्लायखर यांच्या लेखनामुळे ही पद्धत रूढ झाली. रशियन, युक्रेनी, पोलिश, चेक, सर्बियन, बल्गेरियन या भाषा ज्या एका भाषेतून फुटल्या, ती आदिस्लाव्ह भाषा लिहिली गेली नाही. स्लाव्ह लोकांची स्पष्ट नोंद बायझंटाइन लेखकांकडे सहाव्या शतकात येते, आणि स्लाव्ह शब्द कागदावर उतरण्यास त्यानंतर आणखी तीन शतके जावी लागली. थेस्सालोनिकी येथील सिरिल आणि मेथोडियस हे दोघे भाऊ ८६३च्या सुमारास मोराव्हियात धर्मप्रसारासाठी गेले; त्यासाठी सिरिलने तयार केलेल्या लिपीत जी भाषा लिहिली गेली, तिला प्राचीन चर्च-स्लाव्ह असे म्हणतात. तिच्यात हा शब्द ‘बोगु’ असाच येतो. अंत्य ‘उ’ अतिशय आखूड, अर्धवट उच्चारला जाणारा होता आणि पुढील काही शतकांत तो सगळीकडेच गळून पडला.

गळून पडलेला हा स्वर आपली खूण मात्र मागे ठेवून गेला आहे. पोलिश भाषेत देवाला ‘बुक्’ म्हणतात, पण ‘देवाचा’ म्हणायचे झाल्यास ‘बोगा’. चेकमध्ये प्रथमेचे रूप ‘बूख’ आणि षष्ठीचे ‘बोहा’. प्रथमेत ‘उ’ आणि षष्ठीत ‘ओ’ असा फरक पडण्याचे कारण असे, की शेवटचा आखूड स्वर नाहीसा झाला तेव्हा त्याचा काळ आधीच्या ‘ओ’ला मिळाला, तो लांबला, आणि लांबलेला ‘ओ’ पुढे ‘उ’कडे झुकला. षष्ठीत शेवटी ‘आ’ कायम राहिला, त्यामुळे तिथे ‘ओ’ला लांबण्याचे कारणच पडले नाही. प्रथमेत शब्दाच्या टोकाला उघडा पडलेला ‘ग्’ पोलिशमध्ये कठोर होऊन ‘क्’ झाला. चेक, स्लोवाक, युक्रेनी आणि बेलारूसी या सलग प्रदेशातील भाषांमध्ये मुळातल्या ‘ग’चा ‘ह’ झालेला आहे, म्हणून तिकडे ‘बोह’. रशियनमध्ये इतर शब्दांच्या शेवटी ‘ग्’चा ‘क्’ होतो. हा एकच शब्द ‘बोख’ असा, घशातून घासून निघणाऱ्या वर्णाने उच्चारला जातो, कारण चर्चमधील वाचनाची जुनी पद्धत त्यात गोठून राहिली आहे. ‘बुक्’, ‘बूख’, ‘बोह’, ‘बोख’ आणि दक्षिणेकडचा ‘बोग’ ही रूपे कानाला बरीच वेगळी वाटतात, परंतु रशियन ‘बोख’चा अपवाद सोडला तर प्रत्येक फरकामागे एक नियम आहे आणि तो नियम त्या त्या भाषेतील इतर शेकडो शब्दांनाही लागू पडतो. पुनर्रचना या नियमितपणावर उभी असते. कानाला जाणवणाऱ्या साम्यावर ती उभी केली की कोसळते.

संबोधनाचे रूप तर मराठी वाचकाने मुद्दाम थांबून पाहावे असे आहे. ‘हे देवा’ म्हणायचे असेल तर पोलिश, चेक, सर्बियन, युक्रेनी, बल्गेरियन या सगळ्या भाषांत ‘बोझे’ म्हणतात, आणि रशियनने संबोधन विभक्ती जवळजवळ टाकून दिली असली तरी ‘बोझे मोय’, म्हणजे ‘अरे माझ्या देवा’, हा उद्गार तिथे आजही रोजच्या बोलण्यात आहे. ‘बोग’मधला ‘ग’ इथे ‘झ’ का झाला? कारण त्याच्यापुढे ‘ए’ आला, आणि ‘ए’ उच्चारताना जीभ पुढे सरकत असल्यामुळे तिने ‘ग’लाही आपल्यासोबत पुढे ओढले. अगदी असाच प्रकार हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडेही स्वतंत्रपणे घडलेला आहे. ‘भाग’ आणि ‘भजन’, ‘विभाग’ आणि ‘विभाजन’ या जोड्यांत एकीकडे ‘ग’ आणि दुसरीकडे ‘ज’ का, याचे उत्तर तेच आहे: ‘भजति’ या क्रियापदात मूळ ‘ग’नंतर एके काळी ‘ए’ होता. संस्कृतात पुढे ‘ए’, ‘ओ’ आणि ‘अ’ हे ह्रस्व स्वर ‘अ’मध्ये मिसळून गेल्यामुळे बदलाचे कारण दिसेनासे झाले आणि परिणाम तेवढा उरला. स्लाव्ह ‘बोझे’मध्ये कारण आणि परिणाम दोन्ही अजून शेजारी बसलेले दिसतात.

‘भाग’ आणि ‘बोग’ यांचा संबंध योगायोगाचा नाही. दोन्ही ज्या इंडो-युरोपीय (म्हणजे संस्कृत, ग्रीक, स्लाव्ह अशा अनेक भाषांच्या एका पूर्वज भाषेतल्या) धातूपासून आले आहेत, त्याचा अर्थ ‘वाटणे, वाटून देणे, वाट्याला येणे’ असा होता. संस्कृतातला ‘भज्’ हा धातू मुळात वाटपाचा आहे. ‘सहभागी होणे, सेवणे, प्रेम करणे, पूजणे’ हे अर्थ पायरीपायरीने त्यातून निघाले. ग्रीकमध्ये याच धातूचे ‘फागेइन’ हे रूप ‘खाणे’ या अर्थाने वापरले जाते, कारण पंक्तीत वाट्याला आले ते खाल्ले जाते. मध्य आशियात लुप्त झालेल्या तोखारी भाषेत ‘पाके’ म्हणजे हिस्सा. मराठीत या कुळातील शब्दांची गर्दीच आहे: भाग, भागीदार, भागाकार, विभक्त, भक्ती, भाग्य, भगवान. संस्कृत ‘भक्त’ या शब्दाचा एक अर्थ ‘वाटून दिलेले अन्न’, पुढे ‘शिजवलेला तांदूळ’ असा झाला, आणि प्राकृतातल्या ‘भत्त’वरून तो मराठीत ‘भात’ होऊन आला. म्हणजे पोलिश शेतकऱ्याचे ‘झ्बोझे’ आणि कोकणातल्या शेतकऱ्याचा ‘भात’ या दोन्ही पिकांच्या नावांत ‘वाट्याला आलेले’ हाच एक धातू दडलेला आहे. हा शोध मला या सगळ्या कुळकथेतला सर्वांत समाधानकारक भाग वाटतो, मात्र दोन्ही शब्द आपापल्या घरी स्वतंत्रपणे तयार झाले आहेत हे विसरून चालणार नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे येता येईल. *बोगु या नामाचा अर्थ सगळ्या लेकींमध्ये ‘देव’ असाच असेल, तर त्याचा मूळ अर्थ ‘वाटा, नशीब’ असा होता हे कशावरून म्हणायचे? या प्रश्नाचे उत्तर नामाकडे नाही. ते त्याच्यापासून साधलेल्या शब्दांकडे आहे. एखाद्या शब्दाचा अर्थ बदलतो तेव्हा त्याच्यापासून आधीच तयार झालेले शब्द अनेकदा जुन्याच अर्थाला धरून राहतात, कारण बोलणाऱ्यांना त्यांतला मूळ शब्द वेगळा काढून दिसतच नाही.

*बोगातु, म्हणजे श्रीमंत, हा शब्द पाहा. यातील प्रत्यय ‘-वान’ किंवा ‘-वाला’ या अर्थाचा आहे. स्लाव्ह भाषांत ‘रोग’ म्हणजे शिंग आणि ‘रोगाती’ म्हणजे शिंगे असलेला. ‘बोरोदा’ म्हणजे दाढी आणि ‘बोरोदाती’ म्हणजे दाढीवाला. त्याच साच्यात ‘बोगाती’ बसवला तर ‘देववाला’ असा काहीतरी विचित्र अर्थ निघतो, पण ‘बोग’ म्हणजे वाटा किंवा भाग्य धरले की ‘भाग्यवान, ज्याच्या वाट्याला पुष्कळ आले आहे असा’ हा अर्थ विनासायास जुळतो. संस्कृत ‘भगवत्’ या शब्दाची घडणही नेमकी अशीच आहे: ‘भग’ ज्याच्याजवळ आहे तो. प्रत्यय वेगळा, कल्पना एकच. फक्त रशियात ती श्रीमंत माणसापाशी थांबली आणि आपल्याकडे परमेश्वरापर्यंत गेली.

याच्या उलट *उबोगु. आरंभीचा ‘उ’ हा ‘दूर, वेगळे’ अशा अर्थाचा उपसर्ग आहे, म्हणून ज्याच्याकडून वाटा निसटला तो ‘उबोगु’. पोलिश ‘उबोगी’ म्हणजे गरीब, चेक ‘उबोही’ म्हणजे बिचारा. रशियनमध्ये ‘उ बोगा’ या दोन शब्दांचा अर्थ ‘देवाजवळ’ असा होत असल्यामुळे, दीनदुबळे लोक देवाच्या जवळचे म्हणून त्यांना ‘उबोगी’ म्हणतात, अशी गोड व्युत्पत्ती तिथे सांगितली जाते. ती चुकीची आहे, पण लोकांना ती का पटते हे समजण्यासारखे आहे. निराधारांच्या आश्रयगृहाला जुन्या रशियात ‘बोगादेल्न्या’ म्हणत, आणि हा शब्द ‘देवाखातर’ या अर्थाच्या जुन्या शब्दप्रयोगावरून आला आहे. त्यामुळे ‘बोगादेल्न्या’त राहणाऱ्या ‘उबोगी’ माणसाच्या बाबतीत असे घडते की घराच्या नावात ‘बोग’ म्हणजे देव असतो आणि माणसाच्या वर्णनात ‘बोग’ म्हणजे वाटा.

*नेबोगु हा त्याचा भाऊ. इथे ‘ने’ म्हणजे सरळ ‘न’, म्हणून अर्थ ‘अभागी’. यातूनच पोलिश ‘न्येबोगा’, म्हणजे बिचारी बाई, आणि ‘न्येबोश्चिक’, म्हणजे कैलासवासी, हे शब्द आले. चेक ‘नेबोश्तीक’ही तसाच. पोलिश भाषेत ‘न्येबो’ म्हणजे आकाश, त्यामुळे आकाशात गेलेला तो ‘न्येबोश्चिक’ असे अनेकांना सहज वाटते, परंतु शब्दाचा प्रवास ‘अभागी, बिचारा’ यावरून ‘मृत’ असा झाला आहे. मराठीत गेलेल्या माणसाविषयी बोलताना ‘बिचारा’ म्हणण्याची जी रीत आहे, तिच्यापासून हे फार दूर नाही. युक्रेनीत ‘नेबीझ’ म्हणजे भाचा-पुतण्या आणि ‘नेबोहा’ म्हणजे भाची-पुतणी. आईबाप गमावलेली भावंडांची मुले नातेवाइकांच्या घरी वाढत, म्हणून ‘बापुडा’ या अर्थाचा शब्द नात्याचा झाला, असे स्पष्टीकरण दिले जाते.

राहिले ते आरंभीचे ‘झ्बोझे’. त्याचे मूळ रूप *सुबोझिये असे मांडतात. यातला ‘सु’ आपल्या ‘सुफल’, ‘सुवास’ यांतलाच ‘सु’ आहे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. स्लाव्ह भाषांत हा उपसर्ग फार थोड्या शब्दांत उरला आहे. त्यांपैकी एक आहे ‘निरोगी’ या अर्थाचा *सुदोर्वु, ज्यावरून रशियन ‘झ्दोरोवी’ आणि पोलिश ‘झ्द्रोवी’ आले. त्याचा शब्दशः अर्थ ‘चांगल्या लाकडाचा’, आणि त्यातले लाकूड म्हणजे ‘देवदार’मधला ‘दारु’. तेव्हा *सु-बोग- म्हणजे ‘सुभग’, आणि त्यावरचे भाववाचक नाम म्हणजे जवळजवळ ‘सौभाग्य’. सोर्बी भाषेने मूळ अर्थ तसाच राखला. जुन्या पोलिशमध्ये ‘झ्बोझे’ म्हणजे संपत्ती, मालमत्ता असा व्यापक अर्थ होता. शेतीवर जगणाऱ्या समाजात संपत्ती म्हणजे प्रामुख्याने धान्य, म्हणून तो शब्द धान्यापुरता आक्रसला. चेक लोकांकडे तो जमीनजुमल्यावरून विक्रीच्या मालाकडे सरकला. एका शब्दाच्या तीन वाटा झाल्या आणि तिन्ही वाटांचे मूळ ‘चांगला वाटा’ हेच राहिले.

प्राचीन दैवतनामांतही जुना अर्थ डोकावतो. कीव्हच्या व्लादिमीरने ९८०मध्ये टेकडीवर ज्या मूर्ती उभ्या केल्या, त्यांची यादी रशियन इतिवृत्तात आहे: पेरून, होर्स, दाझबोग, स्त्रिबोग, सिमार्ग्ल आणि मोकोश. यातल्या ‘दाझबोग’चा पहिला भाग ‘दे’ या आज्ञार्थाचा आहे. ‘देणारा देव’ असा अर्थ सहसा सांगतात. पण आज्ञार्थाची ही घडण पाहता ‘भाग्य दे’ हा अर्थ मला अधिक सरळ वाटतो. पुढे ९८८मध्ये त्याच व्लादिमीरने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्या मूर्ती पाडून टाकल्या.

‘वाटा’ या अर्थाचा शब्द ‘वाटा देणारा’ या अर्थाकडे कसा वळतो, हे समजण्यासाठी वेदांकडे पाहणे उपयोगी आहे, कारण तिथे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. ऋग्वेदात ‘भग’ म्हणजे सुदैव, वैभव, आणि भग ही एक देवताही, आदित्यांपैकी एक. सातव्या मंडलातील एक्केचाळिसावे सूक्त सकाळी भगाला आवाहन करते आणि ‘भग एव भगवान् अस्तु’, म्हणजे भगच भगवान, वाटा देणारा, असो, अशी प्रार्थना करते. दक्षाच्या यज्ञाचा विध्वंस झाला तेव्हा भगाचे डोळे फोडले गेले, ही कथा पुराणांत प्रसिद्ध आहे. भाग्य वाटणारा आंधळा असणे हे अनुभवाशी जुळणारेच म्हणावे लागेल. आपल्याकडे मात्र ‘देव’ हा सर्वसामान्य शब्द आपल्या जागी राहिला आणि भग हा अनेक देवांतला एक झाला.

इराणात वेगळे घडले. तिथे ‘बग’ हाच देवासाठी सर्वसामान्य शब्द बनला. सम्राट दारियसच्या प्राचीन पर्शियन शिलालेखांत अहुरमज्दाचा उल्लेख ‘महान बग’ असा येतो, आणि त्याचा सर्वांत मोठा लेख ज्या कड्यावर कोरला आहे त्याचे नाव ‘बगस्तान’, म्हणजे देवस्थान, असे होते. त्याचे पुढे ‘बिसुतून’ झाले, आणि फारसी बोलणाऱ्यांना त्यात ‘खांब नसलेला’ असा अर्थ दिसू लागला. दुसरीकडे, जरथुष्ट्राच्या परंपरेत ‘दएव’ म्हणजे दुष्ट शक्ती ठरल्या. पारशी धर्मग्रंथांतली ही उलटापालट महाराष्ट्रातल्या वाचकांच्या कानावरून बहुधा गेलेली असते.

स्लाव्ह भाषांनी इराणी भाषांसारखेच वळण घेतलेले दिसते. शेजारच्या लिथुएनियन आणि लॅटव्हियन भाषा स्लाव्ह भाषांच्या सर्वांत जवळच्या नातलग आहेत. त्यांच्यात देवाला ‘दिएवास’ आणि ‘दिएव्स’ म्हणतात. हे आपल्या ‘देवः’चे सख्खे भावंड. लिथुएनियनमध्ये श्रीमंताला ‘बागोतास’ म्हणतात, पण तो शब्द स्लाव्ह शेजाऱ्यांकडून घेतलेला आहे. स्लाव्ह भाषांनी मात्र ‘देव’ या अर्थी जुना शब्द सोडून दिला आणि ‘बोग’ला त्या जागी बसवले. बाराव्या शतकातील एका मोहिमेवर रचलेल्या प्राचीन रशियन काव्यात झाडाच्या शेंड्यावरून ओरडणारा ‘दिव’ नावाचा एक अशुभ प्राणी येतो, आणि तो म्हणजे सैतान झालेला जुना ‘देव’च, असे काहीजण म्हणतात. एवढ्या एकट्या पुराव्यावर फार भार टाकू नये असे माझे मत आहे. जुना शब्द नाहीसा झाला, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

संपर्काला जागाही होती. काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील गवताळ मैदानांवर सिथियन आणि त्यानंतर सार्मेशियन या इराणी भाषा बोलणाऱ्या भटक्या टोळ्या कित्येक शतके नांदत होत्या. तिथल्या ‘दोन’ (डॉन) या नदीचे नाव इराणी आहे. कॉकेशसमधील ओसेटियन भाषेत, जी त्याच टोळ्यांच्या बोलीची वारस आहे, ‘दोन’ म्हणजे आजही पाणी किंवा नदी. मग *बोगु हा शब्द सरळ इराणीतून उसना घेतलेला आहे का?

या वादात एक ध्वनिनियम निर्णायक ठरेल असे वाटत होते. जर्मन भाषाशास्त्रज्ञ वर्नर विंटर यांनी १९७८मध्ये प्रसिद्ध केलेला हा नियम त्यांच्याच नावाने ओळखला जातो. तो असा: मूळ इंडो-युरोपीय भाषेतला ‘ग’, ‘द’ यांसारखा महाप्राण नसलेला घोष वर्ण स्वरानंतर आला, तर बाल्टिक (म्हणजे लिथुएनियन, लॅटव्हियन) आणि स्लाव्ह भाषांत तो स्वर दीर्घ होतो, ‘घ’, ‘ध’ यांसारखा महाप्राण वर्ण आला तर स्वर ह्रस्वच राहतो. अस्वलाच्या रशियन नावात हा नियम दोन्ही बाजूंनी पाहायला मिळतो. ‘मेद्व्येद’ म्हणजे मध खाणारा. त्यातला पहिला भाग म्हणजे आपला ‘मधु’, आणि तिथे ‘ध’ असल्यामुळे ‘ए’ ह्रस्व राहिला. दुसरा भाग म्हणजे संस्कृत ‘अद्’, खाणे, आणि तिथे ‘द’ असल्यामुळे ‘ए’ दीर्घ झाला. १९१८च्या लेखनसुधारणेपर्यंत रशियनमध्ये या दोन ‘ए’साठी दोन वेगळी अक्षरे होती आणि अस्वलाच्या नावात ती दोन्ही लिहिली जात.

आता हाच नियम *बोगु या शब्दाला लावून पाहू. ‘भज्’, ‘भाग’ यांतला मूळ वर्ण महाप्राण नसलेला ‘ग’ आहे, म्हणून त्याच्या आधीचा स्वर स्लाव्ह भाषेत दीर्घ व्हायला हवा होता. स्लाव्ह भाषांत जुना ह्रस्व ‘अ’ किंवा ‘ओ’ हा ‘ओ’ म्हणून दिसतो (संस्कृत ‘नक्त’, रशियन ‘नोच’, म्हणजे रात्र) आणि दीर्घ ‘आ’ हा ‘आ’ म्हणूनच राहतो (‘माता’, ‘माती’). म्हणजे शब्द वारशाने आला असता तर तो *बागु असा असता. प्रत्यक्षात तो *बोगु आहे. यावरून अनेकांनी निष्कर्ष काढला की विंटरच्या नियमाची मुदत संपल्यानंतर इराणी ‘बग’ उसना घेतला गेला आणि त्यातला ह्रस्व ‘अ’ रीतीप्रमाणे ‘ओ’ झाला.

युक्तिवाद देखणा आहे, परंतु त्याच्या मार्गात पाणी आडवे येते, आणि हे शब्दशः खरे आहे. रशियन ‘व्होदा’, म्हणजे पाणी, हा शब्द उसना आहे असे कोणी म्हणत नाही. संस्कृत ‘उदक’ आणि इंग्रजी ‘वॉटर’ हे त्याचे नातेवाईक आहेत. त्यातही ‘द’ महाप्राण नसलेला आहे आणि तरीही त्याच्या आधीचा ‘ओ’ ह्रस्वच राहिला. म्हणून काही अभ्यासक विंटरचा नियम ठरावीक स्थितीतच लागू होतो असे मानतात, आणि ती स्थिती कोणती यावर मतभेद आहेत. नियमाला अशी अट घातली की *बोगु वारशाचा असण्यातही अडचण उरत नाही.

मला तिसरी शक्यता अधिक पटते. नाम स्लाव्ह लोकांच्या घरचेच, ‘वाटा, भाग्य’ या अर्थाचे होते, आणि ‘देव’ हा अर्थ तेवढा इराणी शेजाऱ्यांच्या ‘बग’कडून त्यावर येऊन बसला. ‘श्रीमंत’, ‘दरिद्री’, ‘अभागी’ आणि ‘सुबत्ता’ या चारही शब्दांत जुना अर्थ इतका खोल मुरलेला आहे की तो सगळा एका उसन्या धार्मिक शब्दाबरोबर आयात झाला असे मानणे जड जाते. विरोधी बाजूचे म्हणणे असे की अवेस्ता या प्राचीन इराणी धर्मग्रंथातही या शब्दाला ‘वाटा’ हा अर्थ आहे, तेव्हा दोन्ही अर्थ एकत्रच आले असतील; हे खोडून काढता येत नाही.

या साम्यांवरून रशियन भाषा संस्कृतातून निघाली, अशा आशयाचे संदेश आपल्याकडे अधूनमधून फिरत असतात. ‘बोझे’मधला ‘ए’ संस्कृतात शिल्लक नाही आणि ‘भग’मधला ‘भ’ स्लाव्ह भाषांत शिल्लक नाही. प्रत्येकीने काही राखले आणि काही गमावले, म्हणून दोघींना तिसऱ्याच एका पूर्वज भाषेच्या मुली मानावे लागते. ध्वनिसाम्य किती फसवे असते याचे उदाहरणही याच शब्दाच्या शेजारी आहे. रशियन लोककथांतील महावीराला ‘बोगातीर’ म्हणतात, आणि तो ‘बोग’चा किंवा ‘बोगाती’चा कोणी लागत नाही. तुर्की-मंगोल ‘बगातुर’ हा त्याचा उगम, आणि तोच शब्द फारसीमार्गे मराठीत ‘बहादूर’ होऊन आलेला आहे.

खरे नाते पाहायचे असेल तर विशेषनामांकडे वळावे. ‘बोग्दान’ म्हणजे देवाने दिलेला. १६४८मध्ये पोलंडविरुद्ध उठाव करणारा कोसॅक नेता बोह्दान ख्मेल्नित्स्की याचे नाव तेच. इराणी बाजूला ‘बगदात’ हे पुरुषाचे नाव प्राचीन काळी प्रचलित होते, आणि अब्बासी खलिफा अल-मन्सूर याने ७६२मध्ये जिथे राजधानी वसवली त्या जागेच्या ‘बगदाद’ या नावाचा अर्थही बहुतेक अभ्यासक ‘देवाने दिलेले’ असाच लावतात. महाभारतात कौरवांच्या बाजूने सुप्रतीक हत्तीवरून लढलेला प्राग्ज्योतिषाचा राजा भगदत्त, हा तिसरा. तिन्ही नावांत तेच दोन धातू, ‘वाटणे’ आणि ‘देणे’, त्याच क्रमाने आले आहेत.

ख्रिस्ती धर्म आल्यावर ‘बोगु’वर ग्रीक ‘थेओस’चा सगळा भार पडला. ग्रीक धर्मशब्दांचे साचे उचलून नवे शब्द घडवले गेले. मेरीसाठीचा ‘बोगोरोदित्सा’, म्हणजे देवाला जन्म देणारी, हा त्यांपैकी एक. सर्ब आणि क्रोएट लोक नाताळाला ‘बोझिच’ म्हणतात, म्हणजे ‘छोटा देव’, आणि त्यातला प्रत्यय त्यांच्या आडनावांच्या शेवटी येणारा ‘-इच’च आहे. रशियन माणूस आभार मानताना ‘स्पासिबो’ म्हणतो. ‘स्पासी बोग’, देव तुझे रक्षण करो, या आशीर्वादातला शेवटचा वर्ण झिजून हा शब्द बनला. सतराव्या शतकातील धर्मसुधारणा नाकारून वेगळ्या राहिलेल्या जुन्या पंथाच्या रशियनांना देवाच्या नावाची अशी कापाकापी मानवत नाही, म्हणून ते आजही ‘स्पासी ख्रिस्तोस’ असे पूर्ण म्हणतात. पोलिश खेड्यात हाच भाव ‘बुक् झाप्लाच’, म्हणजे ‘देव फेडील’, असा व्यक्त होतो.

शेजाऱ्यांनीही या कुळातून उचल केली. रोमेनियन ही लॅटिनची लेक, तरी तिच्यात श्रीमंताला ‘बोगात’ म्हणतात. चौदाव्या शतकात मोल्दाव्हियाचे राज्य स्थापन करणाऱ्या सरदाराचे नाव बोग्दान होते, आणि पुढे उस्मानी तुर्क त्या साऱ्या प्रदेशालाच ‘बोग्दान’ म्हणू लागले.